वाडग्याचा तळ आणि घरी बनवलेला चक

लाकडी वाडगा हातात आला की जाणकार माणूस तो आधी उलटा करतो. आतली गुळगुळीत गोलाई, काठाची सफाई, वरची चमक याचे कौतुक सगळेच करतात, पण कारागीर कळतो तो तळावरून. तळाला स्क्रूची चार भोके दिसली, ती भुसा आणि फेविकॉल भरून बुजवलेली दिसली किंवा वर हिरव्या कापडाची चकती चिकटवलेली दिसली, तर समजावे की बनवणाऱ्याचा हात चांगला होता; शेवटच्या टप्प्याला वाडगा धरायचा कशात, एवढेच त्याला सुटले नव्हते.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका मुलाची अडचण नेमकी हीच होती. आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केलेला, काही दिवस एका कारखान्यात लोखंड कातले, तिथले काम संपल्यावर घराच्या पडवीत जुना लाकडाचा लेथ आणून बसवला. आंबा, बाभूळ, शिसव, सुतारांकडचे तुकडे स्वस्तात मिळतात. रमजानच्या आधी खजूर ठेवायला म्हणून त्याने डझनभर वाडगे केले आणि दुकानात नेले. दुकानदाराने एकेक वाडगा उलटा केला, अंगठा भोकांवरून फिरवला आणि सगळे परत दिले. घरी आला तो सरळ माझ्याकडे. "चाचा, चार जबड्यांचा चक घेतल्याशिवाय हे होणार नाही. पण तो घ्यायला पैसे कुठून आणू?"

घेऊ नकोस, बनव, असे मी त्याला सांगितले. पुढच्या आठ दिवसांत त्याने तो बनवला. कसा, ते इथे जरा सविस्तर देत आहे, कारण असे लेथ आता बऱ्याच घरांत आले आहेत, आणि यंत्र घेण्यात पैसे संपले की चकपाशी येऊन गाडी अडते.

आधी अडचण काय ती समजून घेऊ. लेथवर लाटणे किंवा पलंगाचा पाय कातायचा तर लाकूड दोन टोकांना धरले की काम झाले. वाडग्याचे तसे नाही. त्याचे पोट आतून कोरायचे असते, त्यामुळे तोंडाच्या बाजूला काही धरता येत नाही; सगळा भार तळावर. म्हणून नवखा माणूस तळाला फेसप्लेट स्क्रूने बसवतो, बाहेरून कातो, आतून कोरतो आणि शेवटी भोके उरतात. खरी पद्धत अशी की आतले आणि बाहेरचे काम संपल्यावर वाडगा पालथा करायचा, काठाने धरायचा आणि मग तळ कातायचा. आता काठ पातळ झालेला असतो, त्यात स्क्रू मारता येत नाही आणि लोखंडी जबडा लावला तर वण उठतो. काठ न दुखवता, बरोबर मध्यावर आणि घट्ट धरणे, हे त्या साधनाचे सगळे काम.

जुन्या कारागिरांनी हा प्रश्न विकतच्या चकाशिवाय सोडवला होता. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे आणि भातुकली, गुजरातेत संखेड्याचे खरादी लोक करतात ते रंगीत फर्निचर, बेंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची खेळणी हे सारे कातीव काम. चन्नपट्टणात पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करणारी मुस्लिम घरे पुष्कळ आहेत. तिथे लाकडाचे एक टोक निमुळते करतात, लेथच्या पोकळ तोंडात घालतात आणि हातोडीने ठोकून बसवतात. ना स्क्रू, ना जबडा. लाकूड लाकडात किंवा लोखंडात घट्ट रुतले की नुसत्या घर्षणावर फिरते. आपल्या घरातला तसबीहचा लाकडी मणी किंवा पाळण्याचा खांबही अशाच कुठल्यातरी साध्या पकडीतून आलेला असतो. वाडग्यालाही हेच तत्त्व लागू पडते, फक्त आकार मोठा.

पहिली गोष्ट, तळाची भोके टाळणे. त्यासाठी फेसप्लेट वाडग्याच्या लाकडाला लावायचीच नाही. टाकाऊ पण टणक लाकडाचा दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा तुकडा फेसप्लेटला स्क्रूने बसवा, लेथवर त्याचे तोंड अगदी सपाट करा आणि त्यावर वाडग्याचे लाकूड फेविकॉलने चिकटवा. दोन्ही तोंडे सपाट हवीत. मध्ये उजेड दिसला तर ती जोडणी धरणार नाही. लाकूड सुकलेले हवे, ओल्यावर हा गोंद पकडत नाही. शिकंजा लावून एक रात्र आणि एक दिवस तसेच ठेवा. काही जण दोन लाकडांच्या मध्ये खाकी कागद घालतात, म्हणजे शेवटी त्या रेषेवर पटाशी ठेवून हलकेच ठोकले की दोन्ही सुटतात. युक्ती सुरेख आहे, पण माझ्या मते ती लहान वाटीपुरतीच ठेवावी. मोठ्या वाडग्याला कागद नको. सरळ चिकटवा आणि शेवटी टाकाऊ तुकडा कापून काढा. पाच मिनिटे जास्त लागतील, पण वाडगा छातीवर येणार नाही.

दुसरी गोष्ट, पालथा वाडगा धरणे. याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खोबणीचा चक. लाकडाची एक जाड चकती फेसप्लेटला लावायची आणि तिच्यात वाडग्याचा काठ नेमका बसेल अशी गोल खोबण कातायची. खोबणीची भिंत किंचित उतरती ठेवायची, म्हणजे काठ दाबला की घट्ट होत जातो. जरासा सैल झाला तर काठाभोवती ओला कागद. याला एक पैसा लागत नाही. पण प्रत्येक मापाच्या वाडग्याला नवी खोबण, आणि एक केस जास्त कातली गेली की चकती वाया. एक-दोन वाडगे करणाऱ्याला हे पुरते. डझनाने करणाऱ्याचा अर्धा दिवस खोबणीतच जातो.

त्या मुलाला मी दोन तबकड्यांचा चक करायला लावला. लाँगवर्थ नावाच्या एका ऑस्ट्रेलियन कातकाऱ्याच्या नावाने तो जगभर ओळखला जातो आणि प्लायवूडवर घरी करता येतो. कल्पना अशी: सारख्या मापाच्या दोन गोल तबकड्या. दोन्हींवर मध्याकडून काठाकडे जाणाऱ्या वाकड्या खाचा, पण एकीच्या उजवीकडे वळणाऱ्या आणि दुसरीच्या डावीकडे. तबकड्या एकमेकींवर ठेवल्या की खाचा एकमेकींना जिथे छेदतात तिथे बोल्ट घालायचा आणि बोल्टवर रबरी बूच. एक तबकडी धरून दुसरी फिरवली की सगळे बोल्ट एकाच वेळी, सारख्याच अंतराने आत सरकतात किंवा बाहेर जातात. मध्य शोधत बसावे लागत नाही, तो आपोआप सापडतो.

आखणी

आधी लेथ मोजा. लेथच्या बैठकीपासून फिरत्या दांड्याच्या मध्यापर्यंतच्या उंचीपेक्षा तबकडीची त्रिज्या निदान एक सेंटिमीटर कमी हवी. ही उंची 150 मि.मी. असेल तर तबकडीची त्रिज्या 135 मि.मी. धरू, म्हणजे व्यास 270. पुढची मापे त्याच हिशेबाने आहेत.

प्लाय 12 मि.मी. जाडीचा आणि चांगल्या प्रतीचा घ्या. हलक्या प्लायच्या थरांत पोकळ्या असतात, खाच नेमकी तिथून गेली तर तबकडी तिथेच फाटते. एमडीएफ सपाट असतो, कापायलाही सोपा. पण कोकणातल्या पावसाळ्यात तो फुगतो, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही.

दोन्ही चौकोन पातळ खिळ्यांनी एकमेकांवर जोडा आणि वरच्यावर मध्य घेऊन 135 त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच मध्यातून 67.5, 50 आणि 115 त्रिज्येची आणखी तीन वर्तुळे. मग मध्यातून दोन काटकोनी रेषा, त्यांचे पुन्हा दोन भाग, असे एकूण आठ समान भाग. 67.5 च्या वर्तुळाला या आठ रेषा जिथे छेदतात ती खाचांची केंद्रे. तिथे दोन्ही पाट्यांतून आरपार बारीक भोके पाडा, राउटरचा खिळा जेमतेम बसेल एवढीच.

कंपासने वर्तुळाचे सहा भाग चटकन पडतात, तेव्हा सहाच खाचा कराव्यात असा मोह होतो. तसे करू नये. सहा भाग केले तर प्रत्येक खाच नेमकी शेजारच्या केंद्राच्या भोकातून जाते आणि पुढची खाच काढायला केंद्रच उरत नाही. ज्यांनी लहानपणी कंपासने सहा पाकळ्यांचे फूल काढले आहे त्यांना हे लगेच पटेल; त्या फुलात प्रत्येक वर्तुळ शेजाऱ्याच्या मध्यातूनच जाते. आठ भागांत ही अडचण येत नाही, शिवाय आठ बुचांची पकड सहापेक्षा चांगली.

आता कंपास 67.5 वर ठेवून आठही केंद्रांतून पेन्सिलीने वर्तुळे काढा. आखणी बरोबर असेल तर प्रत्येक वर्तुळ तबकडीच्या मध्यातून जाईल आणि बाहेरच्या काठाला टेकेल. तसे होत नसेल तर लाकडाला हात लावू नका, पुन्हा मोजा. या वर्तुळांचा फक्त तुकडा आपल्याला हवा: 50 च्या रेषेपासून 115 च्या रेषेपर्यंतचा, आणि प्रत्येक वर्तुळाची एकच बाजू. पहिल्याची उजवी घेतली तर आठहींची उजवीच. तेवढा भाग रंगीत पेन्सिलीने गडद करून ठेवा, राउटरच्या धुळीत बाकीच्या रेषा माणसाला फसवतात. मग पाट्या सुट्या करा आणि हीच आखणी दुसऱ्या पाटीवरही घ्या.

कापणी आणि जोडणी

राउटरला 6.35 मि.मी. म्हणजे पाव इंची सरळ पाते लावा. राउटरच्या बुडाला पातळ प्लायची पट्टी जोडा आणि पात्याच्या मध्यापासून बरोबर 67.5 मि.मी. वर तिच्यातून खिळा काढा. खिळा केंद्राच्या भोकात ठेवला की राउटर आपोआप त्या वर्तुळावरच फिरतो. एका फेरीत तीन मिलिमीटरहून जास्त खोल जाऊ नका. दोन्ही पाट्या अशाच कापायच्या, अगदी सारख्या; जोडताना एक पालथी घातली की तिच्या खाचा आपोआप उलट्या होतात. राउटर नसेल तर फर्निचरवाल्यांकडे किंवा पाट्या बनवणाऱ्यांकडे सीएनसी यंत्र असते, त्यांना आखणी नेऊन द्या.

फेसप्लेटवर 80 मि.मी. व्यासाचा, 25 मि.मी. जाडीचा टणक लाकडाचा गोल बसवा. लेथवर त्याचे तोंड सपाट करा आणि बरोबर मध्यावर 8 मि.मी. भोक पाडा. त्या भोकातून मागून 8 मि.मी. चा बोल्ट घाला, त्याचे डोके लाकडात बुडवा. हा बोल्ट आता आत अडकून राहणार, म्हणून तो घातल्यावरच मागची तबकडी गोलावर फेविकॉल आणि स्क्रू दोन्ही लावून पक्की करा. पुढची तबकडी त्या बोल्टवर नुसती ओवायची, वर मोठा वॉशर आणि न सुटणारा नायलॉनचा नट. नट असा कसा की तबकडी हाताने फिरेल पण हलणार नाही. शेवटी दोन्ही तबकड्यांचा काठ लेथवरच हलका कातून घ्या, म्हणजे त्या आसाशी तंतोतंत गोल होतात.

सरकणारे बोल्ट 6 मि.मी. चे आणि चौकोनी मानेचे घ्या, दरवाजाच्या कामात वापरतात ते. चौकोनी मान खाचेत बसते, त्यामुळे नट कसताना बोल्ट जागच्या जागी फिरत नाही. मान अडली तर खाचेला कानस लावा, बोल्टला नको. लांबी 65 मि.मी. पुरे. डोके मागे आणि टोक पुढे. टोकावर भोकाचे रबरी बूच, वॉशर, नायलॉनचा नट. अशी बुचे प्रयोगशाळेचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळतात. बूच बसवताना अरुंद बाजू तबकडीकडे आणि रुंद बाजू आपल्याकडे. उलटे बसवले तर वाडगा घसरून बाहेर येऊ पाहतो. सुलटे बसवले तर बुचाचा उतारच काठाला तबकडीकडे ओढून धरतो. एवढ्या एका गोष्टीवर या चकाचा भरवसा अवलंबून आहे.

या मापात साधारण 80 ते 200 मि.मी. व्यासाचा वाडगा बसतो. पुढची तबकडी पाव फेऱ्याहून कमीच फिरवली की सगळ्यांत लहान मापापासून सगळ्यांत मोठ्या मापापर्यंत जाता येते.

चालवताना

हा चक फक्त तळ कातण्यासाठी आहे. यात लाकडाचा ठोकळा धरून वाडगा कोरायला कोणी बसले तर वाडगाही जाईल आणि दातही. रबराची पकड घर्षणाची आहे, ती हलक्या हाताला पुरते, धसमुसळेपणाला नाही.

वेगाचा हिशेब करून बघा. 270 मि.मी. ची तबकडी मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरली तर तिचा काठ ताशी 50 किलोमीटरच्या वेगाने धावतो. 400 फेऱ्यांवर तोच वेग ताशी सुमारे 20. मार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 1000 वर सुटलेला वाडगा 400 वर सुटलेल्यापेक्षा सहापट जोराने आदळतो. म्हणून 400, फार तर 500. त्या मुलाच्या लेथला वेग कमी करायची चक्रीच नव्हती, नुसता पट्टा; आधी मोटरवर लहान पुली बसवून घेतली, मगच तबकडी फिरली.

वाडगा बसवल्यावर आठही नट थोडे थोडे, समोरासमोरच्या जोडीने कसावेत. मग हाताने एक पूर्ण फेरा द्यावा. कुठे अडते का, बोल्टचे डोके मागे घासते का, ते बघावे. टेलस्टॉकचे टोक तळाच्या मध्यावर टेकवून ठेवावे आणि शक्य तेवढे काम त्याच्या आधारानेच उरकावे. अगदी शेवटी मध्यावर बोटभर जाडीची घुंडी उरते, तेव्हाच टेलस्टॉक मागे घ्यावा. त्याआधी वाडग्याभोवती आणि तबकडीभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत. यंत्र सुरू करताना तबकडीच्या रेषेत कोणी उभे राहू नये. बोल्टची टोके फिरताना दिसत नाहीत, धुरकट कडे दिसते. त्या कड्याच्या आत हात कधीच जाता कामा नये.

आता घरातली गोष्ट. पडवीतला लेथ म्हणजे कारखाना नव्हे, तिथे लहान मुले येतात, कोणी चहा घेऊन येते. कामाला बसताना सैल बाह्यांचा कुर्ता नको, मफलर नको, हातमोजेही नकोत. मोजा अडकला की हात त्याच्याबरोबर जातो. काही घरांत मुलीही हे काम शिकत आहेत आणि त्यांचा हात अनेकदा मुलांपेक्षा हलका असतो. त्यांनी ओढणी काढून ठेवावी किंवा डोक्याचा रुमाल मागे घट्ट पिनांनी बांधावा, मोकळे टोक एकही नको. तोंडावर पारदर्शक ढाल सर्वांनीच लावावी, नुसता चष्मा पुरत नाही. धुळीसाठी मास्क, शिसवीची धूळ काही जणांच्या अंगाला खाजही आणते.

एक अडचण चकाची नाही, लाकडाची आहे. ओल्या लाकडाचा वाडगा सुकताना लांबट होतो, कारण लाकूड रेषांच्या दिशेने फारसे आकसत नाही आणि आडवे बरेच आकसते. असा लांबट काठ आठ बुचांपैकी चारांनाच लागतो, बाकीची चार हवेत. म्हणून ओले लाकूड आधी जाडसर कातावे, भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवून, 200 मि.मी. च्या वाडग्याला 20. मग काही महिने सावलीत, वारा थेट लागणार नाही असे ठेवून सुकू द्यावे आणि पुन्हा कातावे. घाईच्या मालाला सुकलेलेच लाकूड घ्यावे.

तळ कातताना तो सपाट न करता मध्ये किंचित खोलगट करावा, कागदाची घडी सरकेल एवढाच. मग वाडगा कडेच्या गोलावर टेकतो आणि टेबलावर डुगडुगत नाही. पॉलिश पेपर फिरवायला चकातच फिरवावा, पण वेग वाढवू नये. रबराचे काळे डाग काठावर राहिले तर बारीक कागदाने पुसले जातात. बुचांवर जुन्या सायकल ट्यूबऐवजी पांढऱ्या सुती कापडाची चिंधी गुंडाळली तर डाग पडतच नाहीत. खाण्याच्या वाडग्याला वरून अळशीचे तेल आणि मधमाश्यांचे मेण पुरते. लाखेचा रंग दिसायला देखणा, पण गरम पदार्थाने तो मऊ पडतो. सुका मेवा आणि खजूर यांनाच तो ठीक.

त्या मुलाने बाराही वाडगे पुन्हा लेथवर चढवले. जिथे तळ जाड होता तिथे भोकांच्या खोलीपर्यंत कातून टाकले; तीन वाडग्यांचा तळ पातळ होता, ते घरच्या कांदे-बटाट्यांना गेले. उरलेले नऊ घेऊन तो दुसऱ्या दुकानात गेला. तिथल्या दुकानदारानेही वाडगा उलटाच केला, तळावर अंगठा फिरवला आणि विचारले, "असे अजून किती देशील?"